चेष्टा कुणाची आणि कुणासमोर? (गॅदरिंगच्या एका नाटुकल्यावरून)

गोदाकाठ

मंडळी, विषय जुना आहे, पण आता तो आपल्या अंगणात आलाय म्हणून धागा काढतोय.

आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून गेलो होतो. नाटुकलं असं होतं की गावाकडचा पोरगा परदेशात जातो आणि तिथं त्याला एक 'आफ्रिकन' भेटतो. आफ्रिकन झालेल्या पोराच्या तोंडाला बूटपॉलिश, कमरेला कडब्याचा झगा. त्याला संवाद एकही नाही, नुसते घशातून काढलेले आवाज. मधेच एकानं त्याच्यापुढं केळं फेकलं आणि हॉल हसून लोळला. तिसऱ्या रांगेत सुदानहून शिकायला आलेले विद्यार्थी बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते. नंतर चहाच्या वेळी त्यांच्यातल्या एकाशी बोललो. न हसता बसलो असतो तर सगळा हॉल वळून आमच्याकडंच बघत राहिला असता, असं तो शांतपणे म्हणाला.

छत्रपती संभाजीनगरला येमेन, सुदान अशा देशांतली पोरं शिकायला येतात, यात आता नवल राहिलेलं नाही. वर्गात ती आहेत, मेसमध्ये आहेत, रिक्षात आपल्या शेजारी आहेत. प्रेक्षक बदललाय. स्टेजवरचा विनोद मात्र तसाच आहे.

आपल्याकडं चेष्टा कुणाची करायची याचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण ते सगळ्यांना पाठ आहेत. मेहुण्याची करायची, भावजयीची करायची, व्याह्यांची तर पंगतीत बसवून करायची. सासऱ्याची करायची नाही. मेहुण्याची करता येते, कारण पुढच्या लग्नात तोही तुमची टोपी उडवणार असतो. उलटून चेष्टा करायची मुभा दोघांना सारखी असते. त्या सुदानच्या पोराला ती मुभा आहे का? तो उद्या स्टेजवर चढून आपल्या बोलण्याची, जेवणाची, देवधर्माची नक्कल करील आणि हॉल तितक्याच मोकळेपणानं हसेल? त्याची भाड्याची खोली, त्याची परीक्षा, पोलिसातली त्याची नोंद, सगळं आपल्या हातात. तो मेहुणा नाही. त्याच्यावर मेहुण्याचा हक्क चालवणं मला लबाडीचं वाटतं.

तोंडाला काळं फासून काळ्या माणसाची नक्कल करायचा प्रकार अमेरिकेत १८३० च्या दशकात फार गाजला. थॉमस राइस नावाचा गोरा नट 'जिम क्रो' हे सोंग घेऊन नाचायचा आणि लोक तिकीट काढून हसायचे. पुढं दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांना वेगळी शाळा, वेगळी बसायची जागा, वेगळा नळ असे कायदे झाले. त्या कायद्यांना त्याच सोंगाचं नाव पडलं, आणि ते मोडायला १९६४-६५ उजाडलं. नाटुकल्यातल्या पोरांना हे माहीत असायचं कारण नाही. पण वेगळा पाणवठा म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला लागू नये.

जे जन्मानं मिळालंय त्यावरून, आणि ज्याला उलटून बोलता येत नाही त्याची, चेष्टा थांबावी असं मला मनापासून वाटतं. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

बालाघाट

सर, मुद्दा कळला, पण पटायला जड जायलाय.

आमच्या गावात एक काळ्या होता, एक लंगड्या होता, एक बोबड्या होता. खऱ्या नावानं हाक मारली तर ते वळून बघत नव्हते. शिमग्याला पाटलाच्या दारात उभं राहून पाटलाच्याच नावानं बोंब मारायचे आणि पाटील वर पोस्त द्यायचा. तमाशातला सोंगाड्या तर राजालाही सोडत नव्हता. आमच्या पिढीनं हसत हसत दुष्काळ काढलेत. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना एकमेकाच्या रंगारूपावरून बोलूनच दिवस जायचा.

आता कुणीही उठतंय आन् भावना दुखावल्या म्हणून मोर्चा काढतंय. तक्रार, माफीचा व्हिडिओ, पुन्हा तक्रार. तुम्ही चांगल्या मनानं दार उघडायलात, पण त्यातून कोण कोण आत घुसेल सांगता येत नाही. भांडायला नाही लिहायलो. मला खरंच भीती वाटायलीय.

लातूरकर

गोदाकाठ सर, धागा काढलात ते बरं केलंत.

मी पुण्यात एमपीएससीच्या तयारीला होतो. क्लासमध्ये शेजारच्याला सहज 'काय करलालास?' म्हणून गेलो. तेव्हापासून मला हाकच ती पडली. हाक मारणारे वाईट नव्हते. नोट्स देणारे, आजारी पडलो तर डबा आणणारे तेच. पण मी वर्गात प्रश्न विचारायचं बंद केलं. हात वर करायच्या आधी वाक्य मनात पुण्याच्या मराठीत जुळवून बघायचो आणि तोवर सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आपली बोली बहुतेकदा गड्याच्या नाहीतर बावळट पाहुण्याच्या तोंडी असते, हेही तिथंच लक्षात आलं. घरी असताना कधी खटकलं नव्हतं.

बालाघाट काका, ज्याला हाक मारतात त्याला आत काय होतंय हे हाक मारणाऱ्याला दिसत नाही. चांगल्या माणसालाही दिसत नाही.

नागसेनवन

लातूरकर, तुमचं दुखणं खरं आहे. फक्त एक फरक सांगते. भाषा तुम्हाला खोलीवर ठेवून क्लासला जाता आलं. तसं करायला लागू नये, पण करता आलं. कातडी ठेवून जाता येत नाही. आडनाव काही दिवस झाकता येतं, मग गुणवत्ता यादी लागते.

माझे वडील मिलिंद महाविद्यालयात शिकले, मी विद्यापीठात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नाव प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. जाळपोळीचा मनापासून निषेध करणारी मुलंही वसतिगृहात 'सरकारचे जावई' म्हणून हसायची, असं वडील सांगायचे. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण हातात काठी नव्हती. पण वडिलांना दोन्हींचं मूळ एकच दिसायचं. मी नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये तोच विनोद ऐकला. चहाचा कप हातात होता, सगळे माझ्याकडं बघत होते, मी हसते का ते. ही परीक्षा प्रत्येक वेळी आम्हीच द्यायची.

बालाघाट काका, त्या गड्यांना खऱ्या नावानं हाक मारायची सवय कुणी ठेवली असती तर ते वळले असते. आणि शिमग्याची बोंब पाटलाच्या दारात होती, हे तुम्हीच लिहिलंय. वर्षातून एक दिवस खालच्यानं वरच्याला बोलायचं. ती बोंब बंद करा असं इथं कुणीच म्हणत नाही. उरलेलं सगळं वर्ष वरच्यानं खालच्याला जे बोलायचं, त्याबद्दल आपण बोलतोय.

बालाघाट

ताई, हे असं कुणी मला मांडून दाखवलं नव्हतं. विचार करतो. भीतीचं उत्तर मात्र अजून मिळालं नाही.

खुलताबादकर

रंगावरून हेटाळणी हा अमेरिकेचा विषय, आपला काय संबंध, असं कुणी म्हणायच्या आधी लिहितो.

मलिक अंबर इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्यानं खडकीला शहर वसवलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. नहर-ए-अंबरीचं पाणी, जमिनीची मोजणी, महसुलाची घडी, गनिमी कावा, सगळ्यात त्याचं नाव येतं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. शिवरायांवरच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात त्याच्या पराक्रमाचं वर्णन आदरानं आलंय.

आणि जहांगीर बादशहा? अंबर जिवंतपणी त्याच्या हाती लागला नाही. म्हणून त्यानं दरबारातल्या अबुल हसनकडून चित्र काढून घेतलं. त्यात अंबरचं कापलेलं मुंडकं भाल्यावर आहे, बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्यावर बाण मारतोय, सोबतीला घुबड. चित्रावरच्या मजकुरात अंबरला रात्रीच्या रंगाचा म्हणून हिणवलंय. आत्मचरित्रातही त्याचा उल्लेख काळतोंड्या अशा अर्थानंच. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. रणात जमलं नाही ते रंगावर काढलं.

अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर आमच्या खुलताबादला आहे. माझ्या पोराच्या वर्गात मात्र 'हबशी' ही शिवी म्हणून चालते, आणि देणारी पोरं अंबरानं वसवलेल्या शहरात ट्यूशनला जातात. नाटुकलंच करायचं तर अंबरावर करा की. त्याला संवाद द्या. माणूस मोठा बोलका असला पाहिजे, एवढ्या फौजा सांभाळायच्या म्हणजे.

मांजराकाठ

खुलताबादकर, चित्राची माहिती नव्हती. धन्यवाद. पोरांना दाखवणार.

तांड्यावरची

मी किनवटकडची. गोरमाटी बोलीतली आई आणि मराठी शाळा.

गॅदरिंगमध्ये लमाणी बाईचं पात्र हमखास असतं. आरशांची ओढणी, हातभर बलोटे आणि तोंडात मोडकं मराठी. बाई कधी हिशोबात फसते, कधी एसटीत भलत्याच स्टॉपवर उतरते. माझी आई तीन भाषा बोलायची. घरी गोरमाटी, बाजारात मराठी, सीमेपलीकडं तेलुगू. स्टेजवर बोलीची नक्कल करणाऱ्यांना त्यातली एक यायची. हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही. त्या पात्रात माझ्या आईची हुशारी कुठंच नव्हती, याचं मला फार वाईट वाटायचं.

तांड्यात विनोद नसतो असं नाही. तांड्यात आम्ही तुम्हा लोकांना 'कोर' म्हणतो आणि कोर माणसांवर पोट धरून हसतो. सावकार कसा बोलतो, ऊसतोडीचा मुकादम उचल देताना कसा गोड होतो आणि फेडून घेताना कसा बदलतो. बाया होळीला लेंगी गाताना नवऱ्यांनाही सोडत नाहीत. तो विनोद तांड्याबाहेर येत नाही, कारण बाहेर तो केला तर उद्या उचल मिळणार नाही. गोदाकाठ सर म्हणतात ती मुभा ती हीच.

आणि पारध्यांचं कुणीतरी लिहायला हवं म्हणून मीच लिहिते. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण गावात कोंबडी हरवली की आजही पारध्याचं नाव घेऊन हसतात. दुसऱ्या दिवशी खरंच काही चोरीला गेलं की त्याच नावावर जमाव निघतो. आधी हसून ठेवलेलं असतं, त्यामुळं मारताना विचार करावा लागत नाही.

बालाघाट

ताई, शेवटचं वाक्य मी घरात वाचून दाखवलं.

एक शंका आहे, ती सगळ्यांना विचारतो. पैठणच्या नाथमहाराजांनी तर सगळ्यांचीच सोंगं घेतली. महार, गारुडी, वाघ्या, मुरळी, आंधळा, बहिरा. नाथषष्ठीला भारुडं ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. मग तेही चुकीचंच म्हणायचं का? दुसऱ्याचं सोंग घ्यायचंच नाही असं ठरलं तर भारूड, तमाशा, दशावतार, सगळंच गुंडाळायला लागेल.

गोदाकाठ

बालाघाट, फार चांगली शंका काढलीत. मलाही याच ठिकाणी थांबून विचार करावा लागला.

नाथांच्या भारुडात महाराचं पात्र येतं आणि त्याच्याशी बोलायला ब्राह्मण येतो. ब्राह्मण चिडतो, दरडावतो. ज्ञानाच्या गोष्टी करतो तो महार, आणि ब्राह्मण निरुत्तर होतो. सोळाव्या शतकातल्या पैठणात, धर्मपीठाच्या गावात, हे लिहिलं गेलं. 'हिंदू-तुर्क संवाद' बघा. दोघं एकमेकांच्या धर्माची अशी चेष्टा करतात की आज स्टेजवर म्हणायला धजावणार नाही कुणी. पण दोघांना सारखी जीभ दिलीय. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं परतवायचं, आणि शेवटी दोघं एकमेकांना आलिंगन देतात. नाटुकल्यातल्या आफ्रिकन पोराला जीभच दिली नव्हती.

तुमच्या भीतीबद्दल. उद्या एखादा पुढारी 'माझ्या भावना दुखावल्या' म्हणून पोलिसात गेला तर मी त्याच्या बाजूनं उभा राहणार नाही. त्याला उलट बोलायला सभा आहे, माणसं आहेत, बॅनर आहेत. तलाठ्यावर, आमदारावर, बुवावर, आम्हा मास्तरांवर करा विनोद. उलट अशा विनोदाला संरक्षण हवं, आणि नेमकं तेच आज कमी आहे.

नागसेनवन

नाथांचा आदर ठेवून एक भर घालते. भारुडातला महार शहाणा आहे, पण त्याची वाक्यं लिहिणारे नाथच आहेत. त्याला स्वतःचं बोलायला पुढं सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे यावे लागले. जलशांनी तमाशाचाच साचा घेतला. ढोलकी तीच, सवालजवाब तेच. पण भटजी आणि सावकार यांना स्टेजवर जाब द्यावा लागला आणि लिहिणारे हात वस्तीतले होते. भीमराव कर्डकांच्या जलशांना माणसं गर्दी करायची ती भाषणासाठी नाही, हसायला मिळतं म्हणून. म्हणजे आमच्या लोकांना विनोद सोसत नाही, हे खरं नाही. आम्हाला विनोद लिहायलाही मिळायला हवा.

नांदेड ते ह्यूस्टन

मी बरीच वर्षं अमेरिकेत आहे. इथल्या ऑफिसात माझ्या उच्चारांची नक्कल झाली, तिची तक्रार केली, पुढं ती थांबली. नियमांमुळं माणसाचं मन बदलतं असं मी म्हणणार नाही. मीटिंगमध्ये जे थांबतं ते पार्किंगमध्ये चालू राहतं. तरी मीटिंगमध्ये थांबल्यामुळं मला तोंड उघडता आलं आणि बढती मिळाली, हे मला विसरता येत नाही.

पण मला आपल्याच लोकांबद्दल लिहायचंय. मराठी घरी जेवायला जमलो की काळ्या लोकांवरचे विनोद निघतात. मराठीत असतात, शेजाऱ्याला कळत नाहीत, म्हणून जोरात निघतात. इथं जन्मलेली आपली मुलं उठून दुसऱ्या खोलीत जातात. एकदा मैत्रिणीच्या मुलीनं सगळ्यांना सरळ विचारलं की तुम्ही इथं आलात कसे? तिनं शाळेत शिकलेलं सांगितलं. १९६५ आधी भारतीयांना इथं यायला वर्षाकाठी अगदी तुटपुंज्या जागा होत्या. १९६५ च्या कायद्यानं ते दार उघडलं, आणि तो कायदा काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत झाला. मार त्यांनी खाल्ला, व्हिसा आपल्याला मिळाला. त्या दिवशी जेवणं लवकर उरकली. त्या घरी परत तसा विनोद मी तरी ऐकला नाही.

क्रिकेट_वेडा_हिंगोली

जानेवारी २०२१, सिडनी कसोटी. सिराजला प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली, त्यानं पंचांना सांगितलं, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. आख्ख्या देशाला राग आला, आमच्या कट्ट्यालाही. त्याच्या काही महिने आधी, जून २०२० मध्ये, वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीनं सांगितलं होतं की आयपीएलमध्ये त्याला 'कालू' म्हणायचे आणि तोही त्यावर हसायचा, कारण ते कौतुक वाटत होतं. तेव्हा आमचा कट्टा 'प्रेमानं म्हणत असतील' यावर मोकळा झाला. नंतर एका सहकाऱ्यानंही त्याला प्रेमानंच म्हणालो असं सांगितलं. असेलही. पण प्रेम होतं की नाही ते ज्याला म्हटलं त्याला ठरवू द्यायला पाहिजे.

परभणीची

माझा प्रतिसाद छोटा आहे. लग्नघरात नवरीच्या रंगावरून होणारे विनोद या धाग्यात धरा. 'लाइट गेली तर हिला शोधायची कशी' हे मी सख्ख्या मामाच्या तोंडून ऐकलंय, माझ्याच हळदीला. सगळे हसले. आई हळद लावताना जरा जास्तच जोरात चोळत राहिली. क्रिकेटपटू अभिनव मुकुंदनं २०१७ मध्ये रंगावरून लहानपणापासून काय काय ऐकलं ते जाहीर लिहिलं, तेव्हा कसोटी खेळणाऱ्या पुरुषालाही हे चुकत नाही हे वाचून मला रडू आलं होतं.

आणि कृपया कुणी 'आपला विठोबाही सावळाच' असं लिहू नका. देवाच्या रंगाचं गाणं होतं, मुलीच्या रंगाचा हुंडा होतो.

कोर्टातला माणूस

कायद्याचं थोडक्यात. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा चारचौघांत जाणीवपूर्वक अपमान करणं १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे, 'गंमत केली' हा बचाव सहज टिकत नाही. २०१४ मध्ये अरुणाचलच्या निदो तानिया या तरुणाचा दिल्लीत त्याच्या दिसण्यावरून सुरू झालेल्या भांडणातल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्रानं ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर बेझबरुआ समिती नेमली होती. परदेशी विद्यार्थ्याला मात्र अ‍ॅट्रॉसिटी लागू होत नाही. त्याच्यासाठी कॉलेजनंच काही करायला हवं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. परभणीच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी गॅदरिंगच्या मंडळींना वाचायला देणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

त्या कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाशी बोलणं झालंय. बंदी, नोटीस असं काही नको, असं मीच सांगितलं. दोन गोष्टी मान्य झाल्या. नाटुकल्यांच्या संहिता तालमीआधी वाचायच्या आणि वाचणाऱ्यांत तांड्यावरचे, वस्तीतले, परदेशी असे विद्यार्थी असायचे, मुलगे आणि मुली दोन्ही. दुसरं म्हणजे सुदानच्या पोरांना एक नाटुकलं लिहायला सांगितलंय. विषय त्यांनीच निवडलाय: खोली भाड्यानं द्यायच्या आधी घरमालक विचारतो ते प्रश्न. काय खाता, कुणाला आणता, देव कुठला, केस खरे आहेत का. पहिला मसुदा वाचला. जबरदस्त हसवणारा आहे, आणि आपल्याला बोचणारा. मराठी संवाद सुधारायला कुणीतरी हवंय.

तांड्यावरची

संवाद मी बघते. मसुदा पाठवा.

बालाघाट

सर, माझी भीती अजून सगळी गेली नाही, ते खरं सांगतो. पण हे नाटुकलं बघायला मी येणार. आमच्या घरी दोन खोल्या भाड्यानं आहेत, ते प्रश्न मला पाठ आहेत. घरमालकाचं काम करायला वयस्कर माणूस लागत असेल तर सांगा, मी करतो.

गोदाकाठ

काका, लागतोय. पोरांना तुमचा निरोप दिलाय, त्यांना फार आनंद झाला. तालमी दिवाळीनंतर, संध्याकाळी पाचच्या पुढं. तारीख ठरली की इथंच टाकतो.